ती पत्रिका दहाव्याची का दिसली?

पुण्यात उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. घर सोलापूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. वडील आधी पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, गाड्यांचे नंबर असली कामं करायचे. फ्लेक्स आले आणि ते काम बसलं, तेव्हा त्यांनी कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला आणि डीटीपीचं दुकान टाकलं. आता तिथे लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, वाढदिवसाचे फ्लेक्स होतात. गेल्या सुट्टीत मुलीनं ओळखीतल्या एका घरची लग्नपत्रिका स्वतः करायला घेतली. कॉलेजात शिकलेलं सगळं वापरलं: पांढरा कागद, बारीक काळी अक्षरं, भरपूर मोकळी जागा, शीर्षकाच्या अक्षरांमध्ये हवेशीर अंतर. नावांची गर्दी मागच्या पानावर. नवऱ्या मुलाच्या मामांनी पत्रिका हातात घेतली आणि म्हणाले, "पोरी, ही लग्नाची आहे का दहाव्याची?" वडील काही बोलले नाहीत. अर्ध्या तासात त्यांनी नेहमीची लाल-सोनेरी पत्रिका लावून दिली. मामा खूश, मुलगी त्या रात्री जेवली नाही.

ती विचारते: "ताई, लोकांना टेस्टच नसेल तर आम्ही शिकून उपयोग काय? देवनागरीत काहीही केलं तरी ते गावठी दिसतं. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प सरळ इंग्रजीत करावा असं वाटतं, नोकऱ्याही तिथेच आहेत. आणि पप्पांना हे सगळं समजावू कसं?"

* * *

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मामांच्या वाक्याला मी मोठ्यानं हसले. माफ कर. दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं नाही. सुट्टी घालवून केलेली वस्तू एका वाक्यात परत आली की पोटात कसं होतं, ते मला ठाऊक आहे. पंचवीस वर्षं मी पुस्तकांच्या छपाईभोवतीची कामं केली. नाकारलेल्या मुखपृष्ठांचा एक गठ्ठा अजून माळ्यावर पडलाय. तेव्हा रुसून घे हवं तर, पण जेवत जा.

आता मामांकडे येऊ. त्यांना टेस्ट नाही असं तू लिहितेस. मला तर वाटतं, त्यांनी तुझी पत्रिका अगदी नीट वाचली. पांढऱ्यावर काळं, मधोमध मोजक्या ओळी, भोवती मोकळं रान. आपल्याकडे हे रूप आधीच एका प्रसंगाच्या नावावर लागलेलं आहे. दुःखाची बातमी आणणारं कार्ड असंच यायचं, आणि वाचून झालं की घरात ठेवत नसत, फाडून टाकत. लग्नाच्या पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लागायचं; ते लाल-पिवळं पुढे छापील पत्रिकेतही उतरलं. मामांना यातलं काही कोणी शिकवलं नसेल, पण रंग, अक्षराची जाडी आणि मोकळी जागा यांचा एकत्रित अर्थ त्यांनी दोन सेकंदांत लावला. वर्गात कोणी असा अर्थ लावला असता तर सरांनी त्याचं कौतुक केलं असतं.

नावांना तू 'गर्दी' म्हणतेस. त्या गर्दीत काय काय होतं ते आठव. वर कुलदैवत. खाली 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. चि. आणि चि. सौ. कां., कोणाचे नातू, कोणाची पुतणी. मुहूर्त मिनिटासकट, १२ वाजून ३५ मिनिटांचा. निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, समस्त परिवार व आप्तेष्ट. तळाला किलबिल: आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं! यातलं कुठलं नाव कुठे आणि किती मोठं, यावर त्या घरात आठ दिवस खल झालेला असतो. थोरल्या काकांचं नाव धाकट्याच्या खाली गेलं तर काका लग्नाला येतात, पण पंगतीला बसत नाहीत. तुम्ही मुलं ज्याला हायरार्की म्हणता, म्हणजे कोण आधी, कोण मोठं याची उतरंड, तिची याहून कडक परीक्षा मी तरी पाहिलेली नाही. आणि तू ती अख्खी मागच्या पानावर ढकललीस! तुला पुढचं पान शांत वाटलं असेल. त्या घराला मात्र ते नावं राहून गेल्यासारखं दिसलं असणार.

मामा म्हणतील ते डिझाइन, असं मी म्हणत नाही. आत्ता बाजारात फिरतात त्यातल्या बऱ्याच पत्रिका मलाही वाचवत नाहीत. पण तुझ्यासमोरचं काम असं होतं: साठेक नावं, एक पान, मानपान सांभाळलेला, आणि वाचणारे आजोबा सत्तरीचे, चष्मा घरी विसरलेले. हे काम तू सोडवलं नाहीस. तू दुसरंच एक काम शोधलंस, सोपं आणि ओळखीचं, आणि ते छान केलंस.

ओळखीचं का, तर ते इंग्रजीत सोडवलेलं तू शंभरदा पाहिलं आहेस म्हणून. इथे मला तुझ्या पत्रातल्या सगळ्यात दुखऱ्या वाक्याबद्दल बोलायचं आहे, 'देवनागरीत काहीही केलं तरी ते गावठी दिसतं' या. ही खंत मी तुझ्या आधी बऱ्याच जणांकडून ऐकली आहे. मराठी शाळेतून आलेल्या मुलांकडून जास्त, हे विशेष.

रोमन अक्षरं खालच्या रेघेवर उभी असतात. आपली शिरोरेषेला लटकतात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. इथून पुढे सगळंच बदलतं. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत अंतर सोडलं की शीर्षक भारदस्त दिसतं. तेच अंतर 'शुभविवाह'मध्ये सोडलंस की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे लोंबायला लागतात. तू म्हणतेस ती 'हवा' तिथेच शिरली. इंग्रजी मजकुरात १० पॉइंटच्या अक्षराला १२ पॉइंटचं ओळींमधलं अंतर सहसा पुरतं. आपल्याकडे वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. त्याच अंतरात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला धडकतो. बारीक अक्षर स्क्रीनवर नाजूक दिसतं, पण तालुक्याच्या गावी खरखरीत कार्डावर सोनेरी शाईत छापलं की शिरोरेषा मधेमधे गायब होते आणि 'ष'चं पोट भरून जातं. शिवाय आपल्याकडे कॅपिटल अक्षरंच नाहीत. महत्त्व दाखवायचं तर जाडी, आकार, रंग, जागा यांच्यावरच भिस्त. म्हणजे तू वापरलेले नियम खोटे नव्हते. ते दुसऱ्या लिपीच्या अंगानं शिवलेले होते आणि तू ते आपल्या लिपीला घातलेस. सदरा बाहीत आखूड पडला, तर दोष तू अंगाला दिलास.

त्यात काही क्षुल्लक तांत्रिक गोष्टींनीही घात होतो, आणि त्या कॉलेजात कोणी सांगत नाही म्हणून इथे सांगते. इलस्ट्रेटरमध्ये आणि फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये भारतीय लिप्यांची सोय वेगळी चालू करावी लागते, इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर नावाचा पर्याय निवडावा लागतो. नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. दुसरं म्हणजे 'ल' आणि 'श'. मराठीची वळणं वेगळी, हिंदीची वेगळी. २००९ च्या शासन निर्णयात राज्यानं आपली वळणं प्रमाण ठरवली आहेत, तरी बरेच फॉन्ट उघडताच हिंदी वळणंच देतात. काही फॉन्टांमध्ये मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की वळणं आपोआप बदलतात, ते तपासून बघ. तिरो देवनागरीचे तर मराठी, हिंदी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्ट आहेत आणि तिन्ही फुकट आहेत. मुंबईच्या एक टाइप या गटाचा 'मुक्त'ही तसाच, व्यावसायिक कामालाही मोफत, आणि त्याला बारीक ते जाड अशा बऱ्याच जाड्या आहेत.

तिसरी गोष्ट स्वतःच्या फजितीवरून सांगते. सह्याद्रीतल्या भटकंतीचं एक पुस्तक होतं. मी हौसेनं नवा, देखणा फॉन्ट निवडला. मुद्रितं तपासली ती जुन्या फॉन्टात. शेवटी फॉन्ट बदलला आणि पुन्हा वाचलं नाही. त्या फॉन्टाला आपला आडवा, पापणीसारखा अर्धा र ठाऊकच नव्हता. पुस्तक छापून आलं तर पानोपानी 'दऱ्या'च्या जागी 'दर्या'. लेखक महाशय सह्याद्रीच्या दर्यात उतरत होते, दर्याच्या काठानं झोपत होते. लेखकानं फोन करून एवढंच विचारलं, "बाई, होडी पाठवता का?" तेव्हापासून कुठलाही मराठी फॉन्ट निवडण्याआधी मी त्यात पाच शब्द टाइप करून बघते: दऱ्या, सुऱ्या, शिल्लक, कॅरम, वाङ्मय. ज्याला हे पाच नीट जमत नाहीत तो कितीही सुंदर असो, बाजूला. तू तुझी स्वतःची यादी कर.

आणि लिपी गावठी आहे असं वाटेल तेव्हा कमल शेडगे यांनी काढलेली नाटकांची शीर्षकं शोधून बघ. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत ती अक्षरं अशी यायची की नाव वाचण्याआधीच नाटकाचा बाज कळावा. र. कृ. जोशी यांचं काम बघ. कवी माणूस, जाहिरातीच्या धंद्यातून पुढे आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, शिकवायला गेला. विंडोजवाल्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं असलेला 'मंगल' फॉन्ट त्यांचा. दोघांनीही इंग्रजीची नक्कल करून हे साधलं नाही.

आता पप्पा. तू विचारतेस समजावू कसं. मला आधी हे विचारायचं आहे की तू त्यांना कधी विचारलंस का. तुझ्या अख्ख्या पत्रात पप्पा एकदाही बोललेले नाहीत. त्यांनी पत्रिका अर्ध्या तासात लावली, इतकंच तू सांगतेस. साठ नावं, मानपानासकट, अर्ध्या तासात! माझ्या ओळखीच्या चांगल्या चांगल्या डिझायनरांना हे जमणार नाही. त्याआधी किती वर्षं ते खडूची दोरी मारून, हातात चपटा ब्रश धरून पाटी रंगवत होते. पाटीला 'अनडू' नसतं, चुकलेलं मागे घेता येत नाही. 'किराणा' लिहिताना पहिल्या वेलांटीची जागा आधीच सोडावी लागते, 'स्टोअर्स'चा रफार वर पत्र्याच्या कडेला लागणार नाही हे आधीच बघावं लागतं, आणि दहा फुटांवरून, एसटीच्या खिडकीतून वाचता येईल ती जाडी हाताला माहीत असावी लागते. हे सगळं टायपोग्राफीच आहे. त्यांनी तिला हे नाव दिलं नाही, एवढंच.

आपल्याकडे हे ज्ञान अशाच हातांतून आलं आहे. जावजी दादाजी लहानपणी मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, घासायच्या कामाला लागले. शिक्षण बेताचंच. त्यांनीच पुढे १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्यांच्या टाइपाच्या वळणांवर मराठी आणि संस्कृत पुस्तकांच्या पिढ्या छापल्या गेल्या. त्या टाइपाचे ठसे कापणाऱ्या राणोजी रावजी आरूंचं नाव कलाशाखेच्या किती मुलांना माहीत असेल? विचार तुझ्या वर्गात.

मात्र पप्पांची आरती ओवाळायलाही मी सांगणार नाही. एकदा पाटीवर ज्या हातानं इतकं अचूक अंतर साधलं, तोच हात कॉम्प्युटरवर एका पत्रिकेत सहा फॉन्ट घालत असणार, नाव ओळीत बसत नाही म्हणून अक्षर आडवं दाबून चेपत असणार, त्यावर सावली, सावलीवर सोनेरी कड. गिऱ्हाईक घाई करतं, शेजारचा दुकानदार स्वस्तात देतो, मग हे होतं. शिवाय त्यांचा सगळा मजकूर जुन्या, युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर-फोनवर सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टात असण्याची दाट शक्यता आहे. बोटं त्या कळफलकावर चालतात म्हणून वेग आहे, पण तोच मजकूर गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवला की निव्वळ अगम्य चिन्हं दिसतात. इथे तुझा उपयोग आहे, अगदी रोकडा उपयोग. पुढच्या सुट्टीत पत्रिकेचे तीनच साचे बनव, युनिकोडमध्ये. एक वीस नावांचा, एक साठांचा, आणि एक ज्यांना आमदारांपासून सरपंचांपर्यंत सगळे हवेत त्यांच्यासाठी. प्रत्येकात दोनच फॉन्ट. रंग लाल-सोनेरीच ठेव, भांडण तिथे नाही. मायना आणि पदांचे शब्द एकदाच तपासून घाल म्हणजे 'स्वागतोत्सुक' दर वेळी नव्यानं चुकणार नाही. मग पप्पांनाच ते फोडायला दे. कुठला साचा टिकतो ते दोन लग्नसराईंत कळेल.

प्रकल्पाबद्दल. इंग्रजीत नोकऱ्या आहेत हे तुझं म्हणणं खरं आहे आणि मी ते गोड बोलून झाकणार नाही. पुण्या-बंगळुरूच्या कंपनीत मुलाखत घेणारा कदाचित मराठी वाचणाराच नसेल. त्याला पोर्टफोलिओत ॲपच्या स्क्रीन बघायच्या असतील. कर्ज घरावर असताना 'मातृभाषेसाठी' नोकरी सोड असं सांगणं मला तरी शोभत नाही. म्हणून निव्वळ देवनागरीचा प्रकल्प कर असं मी म्हणणार नाही. पण निव्वळ इंग्रजीतही करू नकोस, आणि कारण भावनेचं नाही. इंग्रजीत नेटकं काम करणारी मुलं दर वर्षी दर कॉलेजातून ढिगानं बाहेर पडतात. दोन लिप्या शेजारी शेजारी ठेवून दोघींचा वजन-आकार डोळ्यानं जुळवू शकणारी फार थोडी. बँका, सरकारी ॲप, औषधांची वेष्टनं, शाळेची पुस्तकं, मेट्रोच्या पाट्या, सगळीकडे हे काम लागतं आणि सगळीकडे ते वाईट झालेलं दिसतं: एकाच पॉइंटात ठेवलेली दोन अक्षरं, एक दांडगं, दुसरं उपाशी.

माझं मत विचारशील तर तुझ्याच गावचा एसटी स्टँड घे. फलाटांच्या पाट्या, वेळापत्रक, चौकशीची खिडकी, स्वच्छतागृहाची दिशा. मराठी आणि इंग्रजी. गावांची नावं लांब-आखूड, म्हणजे जागेची झटापट आली; दुरून वाचायचं, म्हणजे जाडी आली; निरक्षर प्रवासी, म्हणजे चिन्हं आली. मुलाखत घेणाऱ्याला मराठी येत नसलं तरी अडचण काय होती आणि तू काय केलंस हे त्याला दिसेल. लग्नपत्रिकाही प्रकल्प म्हणून चांगली, पण ती तुला अजून टोचते आहे. टोचणारा विषय वर्षभर उशाला घेऊ नये असं मला वाटतं. तुला तसं वाटत नसेल तर घे खुशाल.

ज्या वाचकांना हे पत्र आपलंच वाटलं त्यांच्यासाठीही दोन-तीन सवयी सांगते, खर्च नसलेल्या. रोजच्या वर्तमानपत्रातलं एक शीर्षक ट्रेसिंगवर गिरवा, आठवड्याभरात शिरोरेषा आणि अक्षर यांचं नातं हाताला कळायला लागतं. बोरू मिळाला तर उत्तम, नाहीतर आइस्क्रीमची काडी तिरपी कापून शाईत बुडवा. जाड-बारीक कुठून येतं ते माऊसनं समजत नाही. आणि केलेली प्रत्येक गोष्ट खऱ्या आकारात छापून घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या हातात द्या. 'कसं वाटलं' विचारू नका. वाचून दाखवायला सांगा, आणि जीभ कुठे अडखळते तिथे पेन्सिलीनं खूण करा.

पत्राच्या शेवटी तू ओझरतं लिहिलंस की वर्गातल्या मुलींना तू 'वडिलांचा प्रिंटिंगचा बिझनेस आहे' असं सांगतेस. त्यात खोटं काही नाही, आणि त्याबद्दल मी तुला बोलणारही नाही. फक्त दिवाळीत घरी गेलीस की गावातून एक चक्कर मार आणि पप्पांनी रंगवलेली एखादी पाटी अजून टिकून आहे का बघ. पत्रा गंजलेला, रंग उडालेला चालेल. सापडली तर त्यांना सोबत घेऊन जा, आणि एकच प्रश्न विचार: "पप्पा, हे लिहिताना तुम्ही पहिल्यांदा कुठलं अक्षर काढलंत?" वही जवळ ठेव, उत्तर बहुतेक लांबेल.